तुम्हाला जमलं, मग बाकीच्यांना का जमत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे वडील कारखान्यात मजूर, आई दुसऱ्यांच्या घरची कामं करायची, घरात शाळेच्या पुढे कुणी शिकलेलं नाही, तरी तुम्ही शिकून आज मॅनेजर आहात, तर मग तुम्हाला जमलं ते बाकीच्यांना का जमत नाही, सामाजिक वर्ग हे खरं कारण आहे की नुसती सबब. दुसरं म्हणजे कंपनीतर्फे अशा मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू करायचीय, तर तेवढी पुरेल का. मी गेली २२ वर्षं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसोबत काम करतेय, प्रवेशाचे फॉर्म, फीची जुळवाजुळव, हॉस्टेल, पहिला इंटरव्ह्यू आणि नोकरी लागल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं, जेव्हा सगळ्यांना वाटतं की चला, सुटला बाबा पोरगा, आणि खरा कस तेव्हाच लागतो. त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

आधी तुम्हालाच एक विचारते. तुमच्या गोष्टीत एक माणूस असणार, तो आठवून बघा. वर आलेल्या बहुतेक सगळ्यांना मी हे विचारते, आणि पहिलं उत्तर नेहमी एकच येतं, कुणी नाही हो, स्वतःच्या हिमतीवर केलं सगळं. मग जरा बोलत बसलं की हळूहळू निघतं, एक सर होते त्यांनी शेवटच्या दिवशी स्वतः फॉर्म भरून घेतला, किंवा वडिलांच्या साहेबांनी सांगितलं की पोराला ह्या कोर्सला घाला त्या नको, किंवा एक मित्र होता त्याच्या घरी अभ्यासाला जायचो आणि त्याच्या आईने तिच्या भावाला एक फोन केला. एक फोन! कष्ट तुम्हीच केलेत त्याबद्दल वादच नाही. पण तुमच्याच वर्गात तितकाच हुशार आणि तितकाच कष्टाळू अजून एकजण होता आणि त्याला तो माणूस भेटला नाही, तो आज काय करतो हे बहुतेक तुम्हाला माहीतही नसेल. आपण वर आलेल्यांच्या गोष्टी ऐकतो, अर्ध्यात थांबलेल्यांच्या कुणी सांगत नाही.

सबब आहे का, तर नाही. याचे हिशोब झालेले आहेत. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आहे, तिने २०१८ साली हिशोब मांडला की सगळ्यात गरीब १० टक्क्यांत असलेल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला साधारण किती पिढ्या लागतील. संघटनेच्या देशांची सरासरी निघाली साडेचार पिढ्या. डेन्मार्कमध्ये दोन, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाच, भारत आणि चीनमध्ये सात, कोलंबियात अकरा. हा अंदाज आहे, बापाच्या कमाईचा मुलाच्या कमाईशी किती संबंध राहतो त्यावरून काढलेला, पण माझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट देशादेशांतला फरक ही आहे. डेन्मार्कची पोरं कोलंबियातल्या पोरांपेक्षा पाचपट मेहनती आहेत असं कुणीच म्हणणार नाही ना, मग फरक माणसांत नसून ती ज्या व्यवस्थेत वाढतात तिच्यात आहे. अजून एक, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या १४२७ सालच्या कराच्या नोंदी शिल्लक आहेत, त्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ च्या करदात्यांशी आडनावावरून जुळवून बघितल्या, तर जवळपास सहाशे वर्षांपूर्वी जी आडनावं वरच्या कमाईची होती तीच आजही वरच्या बाजूला सापडली. मधे लढाया झाल्या, साथी आल्या, राज्यं बदलली, तरी.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण तिथंच तुमच्या स्कॉलरशिपचं उत्तर आहे.

लोकांना वाटतं अडचण पैशाची आहे. पैशाची आहेच, पण पैसा हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की दोन वर्गांतली माणसं एकमेकांना भेटतच नाहीत, आणि वर जायची जी काही माहिती असते ती पुस्तकात किंवा वेबसाइटवर फार थोडी असते, बाकी सगळी माणसांच्या तोंडी असते. कोणत्या कोर्सला पुढे मागणी आहे, कोणत्या कॉलेजचं नुसतं नाव मोठं आहे, अर्जात काय लिहायचं, पगार सांगितला की लगेच हो म्हणायचं नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरदारांना विचारलं की ही नोकरी तुम्हाला कशी कळली. ज्यांना ओळखीतून मिळाली होती त्यांच्यात नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली असे साधारण १७ टक्केच निघाले, बाकी सगळ्यांना कधीतरी भेटणाऱ्या, लांबच्या ओळखीच्या माणसाकडून कळली होती. कारण उघड आहे, जवळच्या माणसाला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आता ज्या वस्तीत सगळेच एकाच थरातले आहेत तिथल्या पोराच्या लांबच्या ओळखीपण त्याच थरातल्या, त्याने गावभर ओळखी केल्या तरी हातात काय येणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

२०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७ कोटी २२ लाख लोकांच्या फेसबुक मैत्र्यांचा अभ्यास केला आणि त्यातून जे आलं ते मला माझ्या कामात रोज दिसत होतं पण आकड्यात मांडता येत नव्हतं. गरीब घरातलं मूल पुढे किती कमावेल हे त्याच्या भागातल्या गरीब आणि सुस्थितीतल्या लोकांची एकमेकांत किती मैत्री आहे यावरून जितकं कळतं तितकं शाळेच्या दर्जावरून किंवा त्या भागातल्या सरासरी उत्पन्नावरूनपण कळत नाही. त्यांचा अंदाज असा की गरीब मूल अशा भागात वाढलं जिथं त्याला सुस्थितीतल्या घरातल्या मुलाइतक्याच वरच्या थरातल्या ओळखी मिळतात, तर मोठेपणी त्याची कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल. आणि ही मैत्री कमी का आहे, तर अर्धं कारण हे की मुळात एका जागी येतच नाहीत, आणि उरलेलं अर्धं हे की एका जागी येऊनसुद्धा मैत्री होत नाही.

हे दुसरं अर्धं लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून इथं जरा थांबते.

हॉस्टेलमधला एक मुलगा होता, नाव नको. चार जणांची खोली, बाकी तिघं सुखवस्तू घरातले, आणि चांगली पोरं होती हो, कुणी त्याला कधी तुच्छतेने वागवलं नाही. शनिवारी ते बाहेर जेवायला निघायचे, याला म्हणायचे चल. हा म्हणायचा भूक नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाला असाइनमेंट राहिलंय. तिसऱ्या वेळी डोकं दुखतंय. चौथ्या वेळी कुणी विचारलंच नाही, कारण त्यांना वाटलं याला आवडत नसेल आपल्यासोबत. जेवायचं बिल चौघांत समान वाटायचं असतं आणि आपल्या वाटणीचं बिल भरलं तर महिनाअखेरीला काय करायचं, हे तो त्यांना सांगू शकत नव्हता, आणि त्यांच्या मनात ही शंका येणंही शक्य नव्हतं कारण त्यांनी बिलाकडे कधी बघितलेलंच नव्हतं. बरं, तिथं काय नुसतं जेवण होत होतं का, तर नाही, तिथंच ठरायचं कोण कुठं इंटर्नशिपला अर्ज करणार, कुणाच्या काकांच्या ऑफिसात जागा आहे, कोणते प्रोफेसर शिफारसपत्र चांगलं देतात. सेमिस्टरच्या शेवटी तिघांना इंटर्नशिप मिळाली आणि याला वाटलं आपले मार्क कमी पडले. मार्क याचे जास्त होते! तो माझ्यासमोर मार्कलिस्ट घेऊन बसला होता, एकेका विषयावर बोट ठेवून विचारत होता की मॅडम यात कुठं सुधारू. मी त्या कागदाकडे बघत राहिले, कारण त्या कागदावर सुधारण्यासारखं काहीच नव्हतं.

सगळ्यात वाईट हेच की माणूस शेवटी स्वतःलाच दोष देतो. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की गुणवत्ता असेल तर वर जाशील, त्याचा उलटा अर्थ पोरं आपोआप काढतात, वर गेलो नाही म्हणजे गुणवत्ता नाही. मेरिटोक्रसी, म्हणजे गुणवत्तेवर वर जायची व्यवस्था, हा शब्द ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ साली लोकांसमोर आणला तो धोक्याचा इशारा म्हणून, की अशा समाजात वरचे म्हणतील आम्ही लायक म्हणून वर आहोत आणि खालच्यांकडे स्वतःला समजवायला काहीच उरणार नाही. आपण मात्र तो शब्द कौतुकाने वापरतो.

मागणं हा अजून एक विषय आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अॅनेट लॅरो यांनी वेगवेगळ्या थरांतल्या घरांत प्रत्यक्ष जाऊन, तासन् तास बसून आईबाप मुलांशी कसे वागतात ते बघितलं. मध्यमवर्गीय घरात मुलाला लहानपणापासून शिकवतात की डॉक्टरांना प्रश्न विचार, टीचरना सांग की मला समजलं नाही. कष्टकरी घरात शिकवतात की मोठ्यांना उलट विचारायचं नाही, त्रास द्यायचा नाही, मिळेल त्यात भागवायचं. दुसरी शिकवण वाईट नाही हं, त्यातून फार जबाबदार आणि सोशीक माणसं घडतात. पण कॉलेज आणि ऑफिस ही ठिकाणं पहिल्या शिकवणीवर चालतात. माझ्याकडची एक मुलगी, आई आजारी पडली म्हणून प्रोजेक्ट वेळेत देऊ शकली नाही, शून्य मार्क घेतले आणि गप्प बसली. मी म्हटलं अगं मुदत वाढवून का नाही मागितलीस, तर माझ्याकडे बघत म्हणाली, मॅडम, मागता येते? त्याच वर्गातल्या पाच जणांनी मागितली होती आणि पाचही जणांना मिळाली होती, त्यातल्या एकाचं कारण लग्नाला जायचंय एवढंच होतं. नियम सगळ्यांना सारखाच होता, फक्त तो वाकवता येतो हे काहींना घरून माहीत होतं.

मग येतं ते पडायचं भय. दोन मुलींना सारखेच मार्क, एकीच्या मागे घर आहे, फसलं तर वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा देईल. दुसरी फसली तर धाकट्या भावाची शाळा सुटेल. दुसरी काय निवडणार, जे जवळ आहे, लवकर संपतं, लवकर पगार देतं. बाहेरून बघणारे म्हणतात महत्त्वाकांक्षा कमी आहे. मला हे ऐकलं की मनापासून राग येतो, कारण तिने केलेला हिशोब अगदी बरोबर असतो, तिच्या जागी मी असते तर मीही तोच केला असता. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीचं आहे. कमी उत्पन्नाच्या घरातली हुशार मुलं तिथं अर्जच करत नव्हती, खरं तर त्यातल्या बहुतेकांना अर्ज केला असता तर सवलत मिळून शिक्षण जवळपास फुकट पडलं असतं, पण ते अर्ज करून, कागदपत्रं देऊन, सगळ्यात शेवटी कळणार. मग युनिव्हर्सिटीने अशा काही मुलांना आधीच पत्र पाठवलं, प्रवेश मिळाला तर चार वर्षं ट्यूशन फी नाही, आत्ताच लिहून देतो. मदत साधारण तीच, फक्त खात्री आधी दिली. पत्र न मिळालेल्यांत २६ टक्क्यांनी अर्ज केला होता, पत्र मिळालेल्यांत ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्याकडच्या कितीतरी मुलांचे चेहरे आठवले, ज्यांना मी म्हणत होते अरे भर तर फॉर्म, बघू मग.

आता मैत्री न होण्याचं ते पहिलं अर्धं कारण, एका जागी न येणं, याबद्दल थोडक्यातच, कारण ते सगळ्यांना दिसतं. ज्याला परवडतं तो चांगल्या शाळेजवळ घर घेतो, तशी घरं महाग होत जातात, मग तिथं फक्त परवडणारेच उरतात. यात कुणाची दुष्टाई नसते, प्रत्येक आईबाप आपल्या लेकरासाठी बघतात, आणि सगळ्यांनी तेच केलं की भिंत उभी राहते. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला, गरीब वस्त्यांतल्या ४,६०० कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहायला मदत दिली. जी मुलं १३ वर्षांच्या आत तिथं राहायला गेली त्यांची पंचविशीतली कमाई न गेलेल्यांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. मोठी झाल्यावर गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला, मित्र तुटले आणि नवीन जागा रुजायला वेळच मिळाला नाही. आणि वरच्या थरातल्या मुलांचं यात नुकसान होतं का, ही भीती पालक मला नेहमी बोलून दाखवतात. दिल्लीत २००७ पासून नामांकित खासगी शाळांना गरीब मुलांना जागा देणं भाग पडलं, त्यावर अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी अभ्यास केला. श्रीमंत मुलं वर्गात गरीब मुलांसोबत बसायला लागल्यावर जास्त उदार झाली, भेदभाव कमी करायला लागली, आणि अभ्यासावर परिणाम फारच किरकोळ होता. त्यातही ज्यांचे अभ्यासाचे गट गरीब मुलांसोबत पडले त्यांच्यात हा बदल स्पष्ट दिसला, म्हणजे पुन्हा तेच, नुसतं एका छताखाली असणं वेगळं आणि एका बाकावर असणं वेगळं.

जात, वंश, बाई असणं हे सगळं या वर्गाच्या ओझ्यावर आणखी वरून बसतं, त्याचं एकेकाचं गणित वेगळं आहे, ते एका उत्तरात कोंबणं बरोबर नाही म्हणून सोडतेय.

नोकरी लागल्यानंतरचं मात्र सांगायलाच हवं कारण तुम्ही मॅनेजर आहात, तुमच्या हाताखाली अशी मुलं असतील. ब्रिटनमध्ये सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या समाजशास्त्रज्ञांनी दाखवलं की कष्टकरी घरातून येऊन मोठ्या हुद्द्याच्या पेशात पोचलेले लोक त्याच पेशात वरच्या थरातून आलेल्यांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी कमावतात. म्हणजे दरवाजातून आत गेल्यावरसुद्धा. कारणं बारीक बारीक असतात. मोठ्या शहरातली जोखमीची पण चांगली पोस्टिंग नाकारावी लागते कारण घरी पैसे पाठवायचे असतात. साहेब आपल्यासारखं बोलणाऱ्याला जवळ करतात, तेही नकळत. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता चांगल्या हुद्द्यावर आहे, ती एकदा माझ्यासोबत बसली असताना तिला ऑफिसचा फोन आला, मग लगेच आईचा आला. दोन फोनवरचे आवाज दोन वेगळ्या बायकांचे वाटत होते, शब्द वेगळे, हेल वेगळा, हसणंसुद्धा वेगळं. फोन ठेवून म्हणाली, मॅडम, तिकडे घरी गेले की म्हणतात मोठी झालीस, इकडे ऑफिसात कळतं की मी इथली नाहीच, आणि खरं सांगू का, खूप दमायला होतं. पगार तिचा आणि शेजारच्या टेबलवरच्याचा सारखाच, पण तिच्या पगारात भावाची फी, वडिलांची औषधं आणि घराचं छप्पर आहे, त्याच्या पगारात त्याचा स्वतःचा फ्लॅट. दहा वर्षांनी दोघं एकाच हुद्द्यावर असतील आणि तरी एका थरात नसतील.

तर तुमची स्कॉलरशिप. पैसे जरूर द्या, त्याशिवाय बाकीचं काही उभंच राहत नाही, पण तेवढंच देऊ नका. रक्कम किती आणि किती वर्षं हे पहिल्याच कागदावर लिहून द्या, दरवर्षी नव्याने सिद्ध करायला लावू नका. उत्पन्नाच्या कागदांची संख्या निम्म्यावर आणा, ते गोळा करताना बापाची एकेका दिवसाची मजुरी बुडते. इंटर्नशिप देणार असाल तर पगारी द्या, बिनपगारी इंटर्नशिप ही फक्त घरून पैसे येणाऱ्यांसाठीच असते. निवडीच्या इंटरव्ह्यूत छंद काय, कुठं फिरलात असले प्रश्न काढून टाका, त्यातून घर कळतं, कुवत कळत नाही.

आणि मुलं आली की त्यांचा वेगळा गट करू नका, ही चूक मी स्वतः सुरुवातीची पाच-सहा वर्षं केली. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांचीच बॅच, त्यांचाच मेंटर, त्यांचाच ग्रुप केला, आणि ती पोरं एकमेकांची घट्ट मित्र झाली पण बाहेरचा एकही माणूस त्यांच्या फोनमध्ये आला नाही. आता मी प्रत्येक मुलाला बाकीच्यांसोबत एका खऱ्या कामावर टाकायला सांगते, तीन-चार जणांच्या लहान टीममध्ये, निदान सहा महिने, कारण ओळख कामातून होते, परिचयाच्या कार्यक्रमातून होत नाही. टीम बाहेर जेवायला जाणार असेल तर खर्च कंपनीचा, न बोलता. न लिहिलेले नियम लिहून काढा, रजा कशी मागायची, उशीर होणार असेल तर कुणाला सांगायचं, चूक झाली तर काय होतं, साहेबांना नावाने हाक मारायची का, हे तुम्हाला बावळट वाटेल पण दोन पानं होतात आणि सगळ्यांनाच द्या, फक्त त्यांनाच नको. मेंटर तुम्ही स्वतः व्हा. आणि त्यांना तुमच्या यशाची गोष्ट सांगू नका, त्या एका फोनची सांगा, तो कुणी केला, तुम्ही तेव्हा किती घाबरला होतात.

एक अगदी छोटी गोष्ट राहिली. पहिल्या दिवसाच्या प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे आगाऊ पाठवा, बिलं दाखवा मग परत देऊ असं ठेवू नका. गेल्या वर्षी एक मुलगी निवड होऊनही रुजू झाली नाही, तिथल्या लोकांनी शेरा मारला की इंटरेस्ट नव्हता. तिच्याकडे तिकिटाला घालायचे पैसे नव्हते, आणि ते मागता येतात हे तिला माहीत नव्हतं.